बंद बाई

“नाटकं करू नको. पाय फाकव.”

डॉक्टरीण हे म्हणाली तेव्हा मी टेबलावर उताणी होते. साडी कमरेच्या वर. पडदा अर्धाच ओढलेला. पडद्याच्या आत माझी सासू आणि मोठी जाऊ. बाहेर बाकावर दहा-बारा बाया नंबर लावून बसलेल्या.

टेबलाचं रेक्झिन फाटलं होतं. त्याची कड पाठीला टोचत होती. डॉक्टरणीनं काहीतरी थंड, लोखंडी हत्यार आणलं. त्याचं टोक नुसतं टेकलं आणि माझ्या मांड्या मिटल्या. मी मिटल्या नाहीत. त्या आपल्या आपण मिटल्या. कंबर टेबलावरून उचलली गेली. तोंडातून जो आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही.

“धरा हिचे पाय.”

सासूनं उजवा धरला. जावेनं डावा. दोघी धान कापणाऱ्या बाया, हातात जोर होता. डॉक्टरणीनं पुन्हा घातलं. मी ओरडले. “दुखते, दुखते,” एवढंच. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा तिनं हत्यार ट्रेमध्ये आदळलं.

हातमोजे काढता काढता ती सासूला म्हणाली, आवाज जरासुद्धा कमी न करता, “अंगात काही खराबी नाही हिच्या. डोक्यात आहे. चार वर्षं झाली ना लग्नाला? नवऱ्याला जवळ येऊ देत नसेल तर मूल काय छपरातून पडेल?”

बाकावरची एक बाई फिसकन हसली. मग दुसरी हसली.

मी साडी खाली ओढली. निऱ्या धरता येईनात. डॉक्टरणीनं कागदावर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या आणि कागद सासूच्या हातात दिला. माझ्या नाही. मी बी.ए. झालेली आहे. सासूला सही येत नाही. पण कागद सासूच्या हातात.

परत येताना काळीपिवळीत आम्ही तिघी मागच्या सीटवर दाटीनं बसलो होतो. गाडी माणसांनी भरलेली. सासू कोणाला उद्देशून नाही, अशी मोठ्यानं बोलत होती. “माह्या पोराचं नशीबच फुटलं बापा. बंद बाई पडली पदरात.”

बंद बाई. त्या दिवसापासून सासरच्या गावात, आंधळगावात, माझं हेच नाव झालं.

मी मूळची कोंढ्याची. बाबांची चार एकर धानाची शेती. मी मोठी, मागे एक भाऊ. शाळेत हुशार होते. दहावीला प्रजननाचा धडा आला तेव्हा बाई म्हणाल्या, “हा घरी वाचून घ्या.” घरी मी पुस्तकाला कव्हर घालून तो वाचला. त्यात आकृती होती, तिला नावं दिलेली होती. पण त्यातलं एकही नाव मी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आमच्या घरात त्या जागेला शब्दच नव्हता. आई म्हणायची, “तिकडचं.” तिकडचं नीट धुवत जा. तिकडं हात लावू नको. तिकडचं कोणाला सांगू नको. माझ्याच अंगात ती जागा परगावासारखी होती.

तेविसाव्या वर्षी लग्न झालं. आंधळगावचं घर चांगलं, धानाची शेती आणि खता-बियाण्याचं दुकान. नवरा दिसायला बरा, बोलायला हळू. दारू नाही, पत्ते नाहीत. म्हाताऱ्या माणसांना हात धरून रस्ता ओलांडून देणारा. अजूनही आंधळगावात कोणालाही विचारा, तो चांगला माणूस आहे असंच सांगतील.

पहिल्यांदा तो जवळ आला तेव्हा वाटलं, कोणी जळतं लाकूड लावलं. मी त्याला दोन्ही हातांनी मागे ढकललं. तो थांबला. म्हणाला, “पहिल्यांदा होते म्हनते असं.” दुसऱ्यांदाही तसंच झालं. दहाव्यांदाही तसंच. मी दात आवळून पडून राहायचे, मनाशी म्हणायचे, आज सहन करायचं, काही झालं तरी करायचं. मन तयार असायचं. अंग ऐकायचं नाही. त्याचा हात लागायच्या आधीच खाली भिंत उभी राहायची.

तीन महिने तो थांबला. मग त्याच्या बोलण्यातून हळूपणा गेला.

“दुसरा कोनी होता का तुह्या मनात?”

“नाही.”

“मंग काहून असं करतेस?”

काहून, ते मला माहीत असतं तर मी सांगितलंच असतं.

आषाढाचे दिवस होते. रोवणा चालू होता. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून चिखलात लावायचं काम, घरातली सगळी माणसं बांधीत, धानाच्या खाचरात. मला ताप होता म्हणून घरी ठेवलं होतं. दुपारी तो दुकान बंद करून आला. पुढचं दार लावलं, मागचंही लावलं. मी विचारलं, “जेवाले वाढू का?” त्यानं मनगट धरून मला खोलीत नेलं.

मी ओरडू नये म्हणून त्यानं उशी वापरली. माझ्या तोंडावर दाबली नाही, चांगला माणूस आहे ना. हातात दिली. म्हणाला, “हे चाव.”

मी चावली.

झाल्यावर त्यानं हातपाय धुतले. शर्ट घातला. आणि दुकान उघडायला गेला. मी तशीच पडून होते. चादरीवर रक्त होतं. उठून बसताना डोळ्यांपुढे अंधारी आली.

संध्याकाळ व्हायच्या आत सासू रोवण्यावरून आली. पायाचा चिखलही धुतला नव्हता. मी मोरीत चादर धूत होते. तिनं ती माझ्या हातातून घेतली, पसरून पाहिली. आणि हसली. लग्नानंतर पहिल्यांदा ती माझ्याकडे पाहून हसली. आत गेली, डब्यातून गुळाचा खडा आणला, माझ्या तोंडात घातला.

“झालं एकदाचं, माय. आता सगळं चांगलं होईन.”

तो गूळ मी गिळला. थुंकायला हवा होता.

चांगलं काही झालं नाही. आत जखम झाली होती. लघवीला बसले की आग व्हायची. जखम वरून भरली, पण अंगानं तो दिवस धरून ठेवला. आता नवऱ्यानं खोलीचं दार लावलं तरी मांड्या आवळायच्या. सायकलवर बसता येईना. घराला लागूनच्या दुकानाचं शटर दुपारी खाली ओढल्याचा आवाज आला की मी मागच्या अंगणात जाऊन उभी राहायचे. त्यानं पुन्हा पुन्हा तेच केलं. कधी अर्धवट, कधी संतापून. कधी मध्येच उठून भिंतीवर बुक्की मारायचा. दिवस राहण्यासारखं काही होतच नव्हतं. पण गावाला मूल दिसत नव्हतं एवढंच कळत होतं.

ओटी भरायला मला बोलावणं बंद झालं. जावेच्या भाचीच्या डोहाळजेवणात मी ताट घेऊन गेले तर तिच्या आईनं ताट बाहेरच घेतलं. “तू बस बाहेर, थकली असशीन.” एका पुजाऱ्यानं माझ्या अंगावर लिंबू उतरवलं, केस धरून विचारलं, “कोन हाय तू? सोडून जातेस का नाही?” मी म्हणाले, “मी मीच आहे.” त्यानं थोबाडीत मारली. सासूनं त्याला नारळ दिला.

मग तो दवाखाना. मग ते टेबल.

दवाखान्यातल्या कागदाचं काय झालं ते सांगते.

आठच दिवसांनी सासऱ्यांनी बैठक बोलावली. आमच्याच सपरीत, म्हणजे ओसरीत. नात्यातली पाच माणसं, सगळी पुरुष. कोंढ्याहून बाबांना बोलावून घेतलं. बाबा नवं धोतर नेसून आले होते, काही मानपानाचं असेल असं समजून. मी आतल्या दाराआड उभी. भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, खिशातून कागद काढला आणि वाचला. इंग्रजी आधी, मग त्याचा मराठीत अर्थ.

“पेशंट तपासणीला सहकार्य करत नाही.”

एक म्हातारे काका म्हणाले, “म्हंजे डॉक्टरले बी हात लावू देत नाही. मंग नवऱ्याले काय देईन?”

दुसरा म्हणाला, “खोट होती तं सांगून द्यायची होती. बैल घेतो तं दात पाहून घेतो आपन.”

मग चर्चा झाली. माझ्या अंगाची. किती आत जातं, किती नाही. रक्त आलं होतं की नव्हतं. नवरा खाली मान घालून बसला होता आणि सगळे त्याच्याकडे दयेनं पाहत होते. बाबांनी एकदाही तोंड उघडलं नाही. मी दाराच्या फटीतून त्यांना पाहत होते. मला वाटत होतं, आता बोलतील. आता उठतील. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हात जोडले.

“पोरगीले घेऊन जातो. समजावतो.”

मोटरसायकलवर मी मागे बसले. आंधळगाव ते कोंढा एवढी वाट. बाबा एका ठिकाणी चहाला थांबले. स्वतः प्याले. मला विचारलं नाही.

घरी आई मागच्या वाडीत लाखोळीची डाळ पाखडत होती. मी तिच्यापुढे बसले आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. दुपार, उशी, गूळ. सूप हलायचं थांबलं नाही. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, “मले बी दुखे.”

“कधी?”

“तुह्या भावाच्या वेळपर्यंत दुखे. डोरे मिटून पडून राहाचं. बाईचा जनम हाय. काय करतेस?”

“बाबांना सांगितलं होतं का?”

“त्याईले कोन सांगते व?”

मी तिच्याकडे पाहत राहिले. इतकी वर्षं मी या बाईच्या शेजारी झोपले होते. तिनं मला भात शिजवायला शिकवलं, शेणानं अंगण सारवायला शिकवलं. आणि हेही शिकवलं, न बोलता. दात आवळणं. तिची आई असंच पडून राहिली असेल. तिची सासूही. मला एकदम सासूचे हात आठवले, माझ्या पायावरचे. त्या हातांनाही कधी कोणीतरी असंच दाबून धरलं असेल. म्हणून मी तिला माफ केलं असं नाही. केलेलं नाही.

आईनं एक केलं मात्र. आमच्या गावच्या आशाताईला बोलावलं. आशाताई म्हणजे गावात गरोदर बाया-लेकरांची नोंद ठेवणारी, सरकारी औषधं देणारी बाई. आईला वाटलं ती मला समजावेल. ताईनं ऐकून घेतलं आणि भलतंच बोलली.

“माय, हे खोट नोहे. हे दुखणं हाय. भंडाऱ्याले एक डॉक्टरीण आली हाय नवी. तिच्याकडं घेऊन जातो तुले.”

“पुन्हा टेबलावर झोपायचं?”

“मले नाही माहीत. पन मी संग राहीन.”

भंडाऱ्याच्या त्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी आशाताईला विचारलं नाही, मला विचारलं. खुर्चीवर बसवूनच. कुठं दुखतं? बाहेर की आत? आग होते की सुरी चालवल्यासारखं? पाळीच्या वेळी दुखतं का? लघवीला? कधीपासून? पहिल्यांदा काय झालं? मी उत्तरं देत होते आणि त्या लिहून घेत होत्या. मी उशीचं सांगितलं तेव्हा पेन थांबलं. त्यांनी मान वर केली.

“तू हो म्हणाली होतीस का?”

असा प्रश्न असतो हेच मला माहीत नव्हतं. नवऱ्याला हो म्हणायचं असतं? म्हणजे नाहीसुद्धा म्हणता येतं?

“मला कोणी विचारलं नाही,” मी म्हणाले.

“त्याला बळजबरी म्हणतात.” त्यांनी तो शब्द लिहिला. माझ्या डोळ्यांसमोर लिहिला.

मग म्हणाल्या, “मला बाहेरून बघायचंय. आत काही घालणार नाही. फक्त कापसाच्या बोळ्यानं स्पर्श करून कुठं दुखतं ते पाहीन. तू थांब म्हणालीस की मी थांबेन. आज नको असेल तर आज नाही.”

“आज नको,” मी म्हणाले. खरंच थांबतात का ते मला पाहायचं होतं.

“बरं,” त्या म्हणाल्या आणि हातमोजे परत ठेवले.

बस. एवढंच. ना रागावल्या, ना हसल्या. सत्ताविसाव्या वर्षी माझ्या ‘नाही’वर पहिल्यांदा कोणी थांबलं. आशाताईचा हात धरून मी बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायरीवर बसले. रडू नाही आलं. राग आला. इतका राग की दातावर दात घासत होते. इतकं सोपं होतं हे! थांबणं इतकं सोपं होतं, आणि एकही माणूस थांबला नव्हता.

दुसऱ्या खेपेला मी तपासू दिलं. त्यांनी हातात आरसा दिला आणि प्रत्येक जागा नाव घेऊन दाखवली. दहावीत कव्हराखाली वाचलेली नावं. एका जागी कापूस टेकला आणि मी ओरडले. “थांब” म्हणायच्या आत त्यांचा हात बाजूला झाला होता.

कागदावर चित्र काढून त्यांनी सांगितलं. योनीभोवती स्नायूंचा पट्टा असतो. काही बायांचा तो पट्टा दुखण्याच्या भीतीनं आपोआप आवळला जातो. डोळ्याकडे काडी आली की पापणी मिटते तसा. आवळला की दुखतं, दुखलं की भीती वाढते, भीती वाढली की अजून आवळतो. माझ्या बाबतीत शिवाय एक जखमही होती, वेडीवाकडी भरलेली, ती वेगळी दुखत होती.

“याला नाव आहे?” मी विचारलं.

“आहे. योनिआकर्ष. आणि उपचारही आहे. तू एकटी नाहीस. माझ्याकडे दर महिन्याला अशा बाया येतात, पण बहुतेक जणी मूल होत नाही म्हणून येतात. दुखतं म्हणून कोणी येत नाही.”

नाव आहे. मी घरी येईपर्यंत बसमध्ये ते नाव तोंडातल्या तोंडात म्हणत होते. चार वर्षं मला थंड बाई, झपाटलेली, खोटी म्हणत होते, शेवटी बंद बाई. आणि डॉक्टरच्या पुस्तकात त्याचं नाव तयार होतं. त्या पहिल्या डॉक्टरणीनंही ते पुस्तक वाचलंच असणार.

उपचार सोपे नव्हते. कोणाला वाटेल गोळी घेतली, झालं. जखमेच्या जागी लावायला मलम दिलं. फिजिओथेरपीच्या मॅडमनी श्वास शिकवला. पोट फुगवून श्वास घ्यायचा आणि सोडताना खालचा पट्टा सैल सोडायचा. आधी मला तो पट्टा सापडेचना. आवळता यायचा, सोडता यायचा नाही. तीन आठवडे नुसता श्वास. मग आरशात पाहणं. मग स्वतःचा हात लावणं. मग एक बोट. नंतर गुळगुळीत नळ्या, सर्वांत लहान करंगळीएवढी, मग त्याहून मोठी, मग त्याहून. सगळं माझ्या हातानं. माझ्या वेगानं.

सकाळी आईबाबा बांधीवर गेले की मी खोलीची कडी लावायची. पहिली नळी आत गेली तेव्हा दुखलं नाही. मी तशीच पडून राहिले, आढ्याकडे पाहत. विश्वास बसत नव्हता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घराचं पत्र्याचं दार धाडकन आदळलं आणि अंग पुन्हा आवळलं. नळी फेकून दिली मी. पंधरा दिवस हात लावला नाही. मॅडमना फोनवर म्हणाले, “माझ्यानं होत नाही.” त्या म्हणाल्या, “नको करू. श्वास तेवढा घे.” पुन्हा श्वासापासून सुरू. असं दोनदा झालं. एक समुपदेशक बाई होत्या, त्यांच्यासमोर बसून मी त्या दुपारचं पुन्हा पुन्हा सांगितलं, तोवर सांगितलं जोवर सांगताना श्वास अडकायचा थांबला नाही.

एकदा आईनं नळ्यांचा डबा पाहिला. “हे काय व?” मी सांगितलं. हातात विंचू आल्यासारखा तिनं डबा खाली ठेवला. “लाज नाही वाटत?” म्हणाली.

“नाही वाटत,” मी म्हणाले. आणि म्हणताना कळलं की खरंच नाही वाटत.

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्यालाही बोलावलं. जोडीदाराला समजलं तर उपचार लवकर होतात, म्हणाल्या. तो आला. मोबाईल हातात धरून बसला. त्यांनी चित्र दाखवलं, सगळं समजावलं. म्हणाल्या, “तिच्या आजारात तुम्ही केलेल्या बळजबरीचा वाटा आहे. ते कबूल करायला लागेल. आणि ती म्हणेपर्यंत तुम्ही हात लावायचा नाही.”

तो शांतपणे म्हणाला, “नवऱ्यानं करन तं बळजबरी कशी होईन, मॅडम?”

मग विचारलं, “किती दिवसात काम होईन?”

डॉक्टरीणबाईंनी चित्राचा कागद घडी करून ठेवला. मी त्या वेळी त्याच्याकडे नीट पाहिलं. चार वर्षं मी या माणसासमोर अपराधी होते. स्वतःला विचारत होते की मी याचं वाटोळं केलं का. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. ट्रॅक्टर दुरुस्तीला टाकल्यावर मेकॅनिकला विचारतात तसा तो विचारत होता. त्या क्षणी माझ्या आतलं त्याचं सगळं संपलं. आवाज न होता संपलं.

आठ महिन्यांनी माझी आतून तपासणी झाली. तेच लोखंडी हत्यार, पण लहान, कोमट पाण्यात धरलेलं. घालण्याआधी डॉक्टरीणबाईंनी ते माझ्या हातात दिलं. मी “थांबा” म्हणाले, त्या थांबल्या. मी श्वास सोडला, “आता” म्हणाले. थोडा दाब जाणवला. दुखलं नाही.

ही बातमी आंधळगावला कशी पोचली कोण जाणे. आठवड्याच्या आत सासरा, भासरे, नवरा आणि बैठकीतले ते काका गाडी करून कोंढ्याला आले. आमच्या अंगणात खाटा टाकल्या. आईनं चहा ठेवला. बाबा खूश दिसत होते. खूप दिवसांनी त्यांनी टोपी नीट घातली होती.

काका म्हणाले, “पोरगी दुरुस्त झाली म्हनते. चांगलं झालं. आता दिवस पाहून पाठवून द्या.”

“हो हो,” बाबा म्हणाले. “उद्याच पाठवतो.”

मी आत भांडी घासत होते. हात राखेनं भरलेले. तशीच बाहेर आले. डोक्यावर पदर नव्हता.

“मी येत नाही.”

बाबा म्हणाले, “आत जा.”

“नाही जात, बाबा.”

नवरा पहिल्यांदा बोलला. हळू आवाजात, चांगल्या माणसाच्या आवाजात. “आता काहून नाही? आता तं दुखत नाही ना तुले?”

“दुखत नाही म्हणूनच. दुखत होतं तोवर मला वाटत होतं खोट माझ्यात आहे. दुखणं गेलं. तुम्ही तसेच आहात.”

“म्हंजे आम्ही इतके दिस वाट पाह्यली ते फुकट?” सासरे उठून उभे राहिले.

“मी तुमच्यासाठी बरी नाही झाले. माझ्यासाठी झाले.” मग मी सगळ्यांसमोर सांगितलं. सगळं. रोवण्याचे दिवस, दोन्ही दारं, उशी. चादर. पाच माणसं समोर होती, सहावी आई दारात. काकांनी कानाला हात लावला. “शिव शिव, बापासमोर असं बोलते?” चर्चा त्यांनी केली होती तेव्हा कोणी कानाला हात लावला नव्हता.

बाबांनी मला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. आंधळगावच्या माणसांसमोर. गालावर बोटांचे वळ उमटले. मी गाल धरला नाही. उभी राहिले, ते गाडीत बसेपर्यंत.

चहा तसाच राहिला, वर साय धरून.

त्यानंतर बाबा माझ्याशी बोलत नाहीत. ताटावर बसले की आईला सांगतात, “तिले म्हन मीठ दे.” आई मधली. ती माझ्या बाजूनं नाही, त्यांच्याही नाही. एक दिवस न विचारता माझ्या खोलीच्या दाराला तिनं आतून नवी कडी बसवून घेतली, एवढंच.

मी आता रोज बसनं जाऊन भंडाऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते. आशाताई कधी कधी बाया घेऊन येते माझ्याकडे. दबक्या आवाजात विचारतात, “बाई, तुम्हाले बी असंच होत होतं का?” मी सांगते. डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जाते, बाहेर बसते. तिघी आल्या आजवर. दोघींचे उपचार चालू आहेत. तिसरी एकोणीस वर्षांची. दोनदा आली, मग तिचा नवरा तिला घेऊन गेला. तिचा फोन लागत नाही. आता तिच्या गावी आशाताईबरोबर मी स्वतः जाणार आहे. दार उघडेपर्यंत उभी राहणार आहे.

गेल्या महिन्यात वकिलाकडे गेले, फारकतीच्या अर्जासाठी. वकील वयस्क, समजूतदार. म्हणाले, “परस्पर मतभेद, असं टाकू. सुटसुटीत आहे.”

“मतभेद नव्हते. बळजबरी होती. ते लिहा.”

“अगं, कोर्टात हे वाचलं जाईल. समोरचा वकील नको नको ते विचारेल. सिद्ध होईलच असंही नाही. अब्रू तुझी जाईल, त्याची नाही.”

“विचारू द्या.”

“कायद्यात नवऱ्याच्या बाबतीत तो शब्द अवघड आहे, पोरी.”

“मग कायद्याला अवघड जाऊ द्या. माझ्या अर्जात तो शब्द राहणार.”

त्यांनी चष्मा काढला. सुस्कारा सोडला. मी त्यांच्याकडून पेन घेतलं आणि माझ्या हातानं लिहिलं. कधी, कुठं, किती वेळा. एकही शब्द मऊ केला नाही. खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

तारीख पडेल तेव्हा मी उभी राहणार आहे. जे विचारतील त्याचं उत्तर देणार आहे, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. ऐकताना ज्याला मान खाली घालायची असेल त्यानं घालावी. मी घालणार नाही.